सत्त्याऐंशीव्या प्रश्नाचं उत्तर

सोमवार, ४ मार्च

भावाला जाऊन दहा दिवस झाले. आज जुळ्यांवर अभ्यास करणाऱ्या बाईंचा फोन आला. गेली सव्वीस वर्षं त्या आम्हा दोघांना दर चार-पाच वर्षांनी बोलावून दोन वेगळ्या खोल्यांत बसवत आणि एकच फॉर्म भरायला देत. दोनशे बारा प्रश्न. आता शेवटची भेट माझ्या एकट्याची. पंधराला या म्हणाल्या. तोवर रोज चार ओळी लिहून पाहा, कोणी वाचणार नाही, मागे राहिलेल्याला बरं वाटतं, असंही म्हणाल्या. म्हणून दुकानातली जुनी कोरी वही काढली.

भाऊ माझ्यापेक्षा अकरा मिनिटांनी मोठा. "अकरा मिनिटं का होईना, थोरला आहे मी, उठून उभा राहा," असं चारचौघांत म्हणायचा. तो गेल्यावर अकराव्या मिनिटाला मी त्याच्याहून मोठा झालो असणार. तेव्हा मी हॉस्पिटलच्या खाली चहा पीत होतो.

सकाळी चहाचा कप फुटला. बायकोने तुकडे उचलले. 

बुधवार, ६ मार्च

दुकान उघडलं. माझं काम वजनकाटे दुरुस्त करण्याचं. किराणावाल्याचे, भंगारवाल्याचे, सोनाराचे, सगळे काटे येतात. काट्यावर आपल्याला माहीत असलेलं वजन ठेवायचं आणि तो काय म्हणतो ते बघायचं. खोटं बोलत असला तर स्क्रू पिळायचा. या कामाला डोकं थंड लागतं आणि माझं ते आहे असं सगळे म्हणतात. गिऱ्हाइकं तर मला 'बर्फ' म्हणतात, माझ्या तोंडावर.

भाऊ लोखंडी गेट आणि खिडक्यांचे गज करायचा. चेहरा तोच, आवाज तोच, जिना उतरताना डाव्या हाताने कठडा थोपटायची सवयसुद्धा तीच. स्वभाव मात्र दोन टोकांचे. आमचा जन्म झाल्यावर आई आजारी पडली ती उठलीच नाही. दोन बाळं एकट्या वडिलांना झेपेनात, म्हणून मावशीने मला नेलं. मावशीचे यजमान शाळेत मुख्याध्यापक होते. त्या घरात दार लावायचं तरी मूठ धरून, आवाज न करता. भाऊ वडिलांकडे राहिला. वडिलांचा पट्टा दाराच्या मागे टांगलेला असायचा. सुटीत मी तिकडे जायचो तेव्हा तो पट्टा मला कधी लागला नाही. पाहुणा होतो ना मी.

पुढे नातेवाइकांना बोलायला विषय झाला. एकाच पोटचे, एकाच घडीचे, आणि बघा, संगत कशी घडवते माणसाला. लग्नकार्यात लोक आम्हाला शेजारी उभं करून हे बोलायचे. भाऊ हसायचा. मी खाली बघायचो. लोकांना तो विनय वाटायचा.

शनिवार, ९ मार्च

मुलगा अजून इथेच आहे. काकांसाठी म्हणून आला तो परत जायचं नाव काढत नाही. वय छत्तीस, नोकरी चांगली, घरी बायको आणि चार वर्षांची मुलगी. तिला आम्ही मुंगी म्हणतो. सूनबाईंचे फोन येतात, ते तो गच्चीवर जाऊन घेतो. फोन उजव्या कानाला. डाव्या कानाने त्याला ऐकू येत नाही. लहानपणी झोपाळ्यावरून पडला होता.

आज जेवताना बायकोने सरळच विचारलं, "किती दिवस रजा आहे तुझी?"

"रजा संपली. इथूनच काम करतोय."

"मग घरी का जात नाहीस?"

बराच वेळ त्याने पोळीचे तुकडेच केले. मग म्हणाला, "मुंगीला ढकललं मी. माझ्या लॅपटॉपवर पाणी सांडलं तिने. ढकललं म्हणजे, जोरात. पलंगाच्या कडेवर पडली. ओठ फाटला. दोन टाके."

बायको माझ्याकडे बघत होती. मी पाण्याचा तांब्या पुढे केला.

"ती दुसऱ्या दिवशी माझ्याकडे आली, बाबा, नेहमीसारखी. मांडीवर बसली. मीच उठलो. मला माझ्या हातांचीच भीती वाटते." मग जरा हसला. "सगळे म्हणतातच ना, काकावर गेलाय. गेलोच मी. रक्तातच असेल तर काय करणार? लांब राहणं एवढंच हातात आहे. वेगळी खोली बघतोय."

मी म्हणालो, "घाई करू नकोस."  बायको ताट घेऊन आत गेली आणि भांडी फार जोरात घासायला लागली.

'काकावर गेलाय' हे पहिल्यांदा कोण म्हणालं ते मला पक्कं आठवतं. मुलगा आठवीत असताना त्याने वर्गातल्या एकाचा हात मुरगाळला. हेडमास्तरांनी बोलावलं होतं. त्यांच्यासमोर मीच म्हणालो होतो.

रविवार, १० मार्च

कालचं लिहिलेलं पुन्हा वाचलं. आधीचंही. दोन ठिकाणी चूक आहे.

कप फुटला नाही. मी फेकला. चहात साखर नव्हती.

दुसरी चूक आज लिहीत नाही.

गुरुवार, १४ मार्च

पुतणीने बोलावलं होतं. भावाचं वर्कशॉप रिकामं करायचं होतं. ती वकील आहे, तीस वर्षांची. डोळे रडून सुजलेले, तोंड मात्र चालू. "काका, तुम्ही दारात उभे राहिलात ना की मी दोन पावलं मागेच जाते. जरा दाढी तरी वाढवा. वडिलांचं भूत दुपारी दोन वाजता फिरतंय असं वाटतं."

भिंतीवरच्या खिळ्याला वेल्डिंगचा मुखवटा लटकत होता. पुढे काळी काच आणि मागे डोक्याला आवळायचा पट्टा असतो तो. ती तो काढून माझ्या हातात देत म्हणाली, "हा तुम्ही न्या. घरातला आहे हा, कामाचा वेगळा."

"घरातला म्हणजे?"

"तुम्हाला माहीत नाही?" ती हसायलाच लागली. "अहो, मी तिसरीत असताना एक दिवस ही युक्ती काढली त्यांनी. राग आला की मुखवटा घालून बसायचं. कुठेही. जेवताना, टीव्ही बघताना. तोंडावर हे एवढं धूड आणि हात दोन्ही मांडीखाली. काळ्या काचेतून काही दिसत नाही ना, मग माणूस उठत नाही जागेवरून. आई म्हणायची, चला, ग्रहण लागलं, आता अर्धा तास कुणी बोलू नका. एकदा माझ्या होणाऱ्या सासूबाई आल्या होत्या पहिल्यांदाच, आणि दार उघडायला बाबा मुखवटा घालून."

"आणि त्याच्या आधी?"

हे मी का विचारलं कोण जाणे. तिचं हसू गेलं नाही, पण बारीक झालं.

"आधीचंही आठवतं. आईचं मनगट मोडलं होतं. माझ्या पाठीवर अजून आहे एक खूण. पण नंतरचं जास्त आहे, काका. बावीस वर्षं. एकदासुद्धा नाही."

घरी येऊन मुखवटा पुसायला घेतला. पट्ट्याच्या आतलं कापड उसवलेलं होतं आणि आत घडी घातलेला कागद होता, घामाने पिवळा पडलेला. मी ओळखला. अभ्यासाच्या बाईंनी बावीस वर्षांपूर्वी सगळ्या जुळ्यांना पाठवलेलं दोन पानी पत्रक. माझं मी तेव्हाच फाडून टाकलं होतं.

त्यात नावं नाहीत. लिहिलंय की एका जोडीतले दोघं भाऊ जन्मतः जवळजवळ एकसारखे. एक मारहाणीच्या घरात वाढला, दुसरा शांत घरात. पहिला वारंवार घरच्यांवर हात उचलतो. दुसऱ्याने आयुष्यात एकदाही उचललेला नाही.

शेवटच्या वाक्याखाली भावाने पेन्सिलीने रेघ मारली आहे. बाजूला त्याच्या वेड्यावाकड्या अक्षरात: रक्त तेच. मग मलाही जमेल.

मी मुखवटा तोंडावर लावून पाहिला. त्याच्या डोक्याचं माप मला बरोबर बसलं.

शुक्रवार, १५ मार्च, सकाळ

बाईंकडे जाण्याआधी दुसरी चूक लिहून टाकतो. नाहीतर तिथेही तेच होईल.

मुलगा झोपाळ्यावरून पडला नाही. त्या दिवशी तो दुकानात होता. पाच वर्षांचा. माझ्याकडे तपासणीची वजनं मखमलीच्या पेटीत असतात. ती चिमट्यानेच उचलायची, बोटाचा घाम लागला तरी वजन बदलतं. मी आत काटा उघडून बसलो होतो. बाहेर आलो तर त्याने सगळी वजनं फरशीवर ओळीने मांडलेली. मला पुढचं फार थोडं आठवतं. त्याची मान उजवीकडे गेली आणि तो भिंतीला लागून खाली बसला, एवढं दिसतं. तो रडला नाही. वजन हातातून सोडलंही नाही.

डॉक्टरांना बायकोने झोपाळ्याचं सांगितलं. मी तिला सांगायला लावलं नव्हतं. मी फक्त बोललो नाही. महिन्याभराने मुलगाही झोपाळ्याचंच सांगायला लागला, कसा पडला ते अगदी रंगवून. आता त्याला ते आठवतंसुद्धा.

पाच वर्षांनी अभ्यासाचा पहिला फॉर्म आला. सत्त्याऐंशीवा प्रश्न: रागाच्या भरात घरातल्या कोणावर हात उचलला आहे का? कधीच नाही, एकदा, कधीकधी, वारंवार. पलीकडच्या खोलीत भाऊ बसला होता. मला माहीत होतं तो काय लिहिणार. लपवणं त्याला जमायचंच नाही. मी 'कधीच नाही'समोर खूण केली. पुढे चार वेळा तेच केलं. पाचव्या वेळी तर प्रश्न वाचलाही नाही.

त्यानंतर मी पुन्हा कुणाला मारलं नाही हे खरं. पण ते माझं कर्तृत्व नव्हे. मी कुणाच्या जवळच गेलो नाही. मुलाला कडेवर घेतलं नाही, अभ्यासाला बसवलं नाही, दुकानात येऊ दिलं नाही. मनात म्हणायचो, वडिलांचं रक्त आहे, मी तरी काय करणार. मुलाने त्या शनिवारी जेवताना हेच शब्द वापरले.

शुक्रवार, संध्याकाळ

बाई आता बऱ्याच म्हाताऱ्या झाल्या आहेत. जूनमध्ये निवृत्त होणार. मी बसल्याबरोबर विचारलं, "एखाद्याने फॉर्ममध्ये खोटं लिहिलं असेल तर तुमचा अभ्यास बुडतो का?"

त्यांनी चष्मा काढला. "सहाशे जोड्या आहेत. एका उत्तराने नाही बुडत. त्या एका प्रश्नाला तर पुष्कळ जण थोडं हात राखूनच लिहितात."

कोणता प्रश्न ते मी सांगितलंच नव्हतं.

मी विचारलं, मग नक्की काय असतं, रक्त की घर? त्या म्हणाल्या, "तुम्ही काटेवाले ना? तुम्हीच सांगा. एकाच कारखान्यातल्या, एकाच दिवशी बनलेल्या दोन स्प्रिंगा. एक मिठाच्या दुकानात गेली, एक कापडाच्या. पाच वर्षांनी?"

"मिठाची गंजणार."

"आणि गंज न धरणाऱ्या पोलादाची असती तर?"

"तर मिठातही टिकली असती."

"मग गंज मिठाचा की लोखंडाचा?"

 दोन्ही असल्याशिवाय गंज नाही, एवढं कळतं. त्यातला किती कुणाचा, हे वेगळं काढून तोलता येणार नाही. चाळीस वर्षं मी तोलण्याचं काम केलं.

"भडकण्याचा कल तुम्हा दोघांतही असणार," त्या म्हणाल्या. "पण स्प्रिंग मुखवटा घालून बसत नाही. तुमच्या भावाने सांगितलं होतं मला त्याचं. माणसाला आपल्याबद्दल काय वाटतं, शेजारी कोण दिसतं, तेही त्याच्या घरासारखंच असतं, त्यात तो वाढतो. तुमच्या भावासमोर तुम्ही होतात."

त्यांना चांगलं म्हणायचं होतं. मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. जो मी नव्हतो, त्याच्याकडे बघून भाऊ सुधारला. आणि जो मी होतो, त्याच्या शेजारी माझा मुलगा वाढला.

निघताना त्यांनी एक कोरा फॉर्म दिला. "दुरुस्ती करावीशी वाटली तर. नाही वाटली तरी चालेल."

मंगळवार, १९ मार्च

मुलाने खोली पक्की केली. एक तारखेपासून. शनिवारी घरी जाऊन कपडे आणणार, तेही मुंगी शाळेत असताना.

बायकोने दुपारी जिन्यात मला गाठलं. "तुम्ही बोलणार आहात का?"

"कशाबद्दल?"

"एकतीस वर्षं मी झोपाळ्याचं नाव घेतलं. पुढे नाही घेणार. त्याने आज मला विचारलं, आई, आपल्या घरात बाबांसारखा माणूस असताना मी असा कसा झालो." तिचा आवाज चढला नाही. "तो तुमच्यासारखा नाही याचं त्याला वाईट वाटतंय. ऐकताय ना? तुमच्यासारखा नाही याचं."

मी म्हणालो, बोलतो. बोललो नाही. दुकानात जाऊन सोनाराचा काटा उघडला आणि तीन वेळा चुकीचा जोडला.

गुरुवार, २१ मार्च

आजही नाही.

शुक्रवार, २२ मार्च

मुलगा दुपारी दुकानात आला. त्याला मी दुकानात येऊ देत नसे, त्यामुळे आजही उंबऱ्याशी थांबला. "येऊ?" छत्तीस वर्षांचा माणूस. मी म्हणालो, ये.

तो बाकावर बसला. मी त्याच्या डाव्या बाजूला बसलो. तिकडे जागा होती म्हणून. नाही. उजवीकडेही जागा होती.

मी समोरच्या पेटीकडे बघत सांगितलं. सगळं, जसं वहीत लिहिलंय तसं. आवाज फार मोठा नव्हता. रस्त्यावर कुणीतरी पत्रे उतरवत होतं. सांगून झाल्यावर मला हलकं वाटलं. मी वाट बघत राहिलो. तो मोबाइल बघत होता.

मग त्याने मान वळवली. "काही म्हणालात का, बाबा?"

म्हणता आलं असतं, काही नाही. तोंडात आलंही होतं. माझा चेहरा कसा झाला होता मला माहीत नाही. त्याने मोबाइल खिशात ठेवला, उठला, माझ्या पुढून वळसा घालून माझ्या डाव्या हाताला येऊन बसला. त्याचा चांगला कान माझ्याकडे आला.

"आता सांगा," म्हणाला.

दुसऱ्यांदा सांगणं फार कठीण. पहिल्यांदा मी स्वतःला सांगितलं होतं. मध्येच त्याचा हात डाव्या कानाकडे गेला आणि तिथेच राहिला.

हात तसाच ठेवून त्याने विचारलं, "मी काय केलं होतं तेव्हा?"

"काही नाही. वजनांची आगगाडी केली होतीस."

"बस?"

"बस."

"झोपाळा लाल होता," तो म्हणाला. "मला त्याचा रंगसुद्धा आठवतो, बाबा."

मग भावाचं सांगितलं. मुखवट्यातला कागद दिला. त्याने तो वाचला, घडी घातली, पुन्हा उघडून वाचला. मी म्हणालो, तू काकावर गेला नाहीस. गेला असतास तर बरं झालं असतं.  माफीचा शब्द मी काढला नाही. माफी मागायची माझी लायकी आहे असं मला वाटलं नाही, आणि त्यानेही ती देऊ केली नाही. कागद टेबलावर ठेवून तो उठला. जाताना दार जोरात आपटलं. दुकानातल्या सगळ्या काट्यांचे काटे हलले आणि हळूहळू शून्यावर आले.

शनिवार, २३ मार्च

मुलगा सकाळी घरी गेला. माझ्याशी बोलला नाही. बायको म्हणाली, मुंगीच्या शाळेला आज सुटी आहे, ते त्याला माहीत होतं.

सोमवार, २५ मार्च

फॉर्म भरला. दोनशे बाराही प्रश्न पहिल्यापासून वाचले, पाच तास लागले. सत्त्याऐंशीपाशी 'एकदा'समोर खूण केली. मग कप आठवला, आणि कपाआधी फेकलेल्या इतर वस्तू. त्यांच्यासाठी बाईंच्या फॉर्ममध्ये रकाना नाही. खाली मोकळ्या जागेत लिहिलं की मागची पाचही उत्तरं खोटी होती आणि त्यांतल्या एका उत्तरावर विश्वास ठेवून माझा भाऊ सुधारला, त्याचं श्रेय मला देऊ नये.

बायकोने वाचून पाकीट स्वतः चिकटवलं.

संध्याकाळी दुकान बंद करताना लक्षात आलं, मुखवटा मी दुकानातल्या खुंटीला टांगला होता तो तिथे नाही. टेबलावरचा कागदही नाही. घरी येऊन बायकोला विचारलं.

"घेऊन गेलाय तो," ती म्हणाली. "सूनबाईंचा फोन आला होता. तोंडावर ते धूड घालून बसलाय म्हणे, आणि मुंगी काचेवर टकटक करून विचारतेय, आत कोण आहे."

"तो काय म्हणाला?"

"ते नाही विचारलं मी," बायको म्हणाली. "तुम्हीच विचारा."

फोन समोर ठेवलाय. वही मिटतो आणि लावतो.